‘स्वामी’ : एका प्रेमकथेचा ताळेबंद

मराठी घरांत ज्या मोजक्या कादंबऱ्या पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या, त्यांत रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’चे नाव फार वरचे आहे. १९६२ साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली, १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. लग्नात भेट म्हणून ती दिली गेली, वाचनालयात तिच्यासाठी नंबर लागले. पुढे १९८७ साली ती दूरदर्शनच्या छोट्या पडद्यावर आली आणि जे वाचत नव्हते त्यांच्याही घरात रमा आणि माधव येऊन बसले.

वाचक बंधू-भगिनींनो, पेशव्यांच्या कथेशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. आपला इतिहास वेगळा, आपली वाट वेगळी. परंतु टीव्ही जात विचारून घरात शिरत नाही. जी कथा आपल्या मुली पाहतात, डोळे पुसत पाहतात, तिचा हिशेब आपण मांडला नाही तर दुसरे कोणी मांडणार नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

मालिका लोकांना का आवडली?

‘स्वामी’चे दिग्दर्शन केले ते ज्येष्ठ नट-दिग्दर्शक गजानन जागीरदार यांनी. हे तेच जागीरदार, ज्यांनी १९४४ च्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात रामशास्त्री प्रभुण्यांची भूमिका केली होती. म्हणजे पेशवाईचा हा काळ त्यांच्या चांगल्या परिचयाचा होता. रवींद्र मंकणी माधवराव झाले आणि पुण्याची सोळा वर्षांची एक शाळकरी वयाची मुलगी, मृणाल देव, रमाबाई झाली. पुढे मृणाल कुलकर्णी म्हणून साऱ्या महाराष्ट्राला माहीत झालेल्या अभिनेत्रीची ती सुरुवात होती.

ते वर्षच टीव्हीचे होते. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले होते आणि त्या वेळी गावोगावचे रस्ते ओस पडत. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीवर सारी आळी जमायची. आजच्यासारख्या रोज रात्री रबरासारख्या ताणलेल्या मालिका तेव्हा नव्हत्या. आठवड्यातून एक भाग आणि ठरावीक भागांत कथा संपणार. त्यामुळे पाहणाऱ्याचे मनही त्या कथेत गुंतून राही.

आणि कथा मन गुंतवणारीच आहे, हे मान्य केले पाहिजे. जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झाले, त्या धक्क्याने नानासाहेब पेशवे गेले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांच्या हाती कारभार आला. एकीकडे सत्तेसाठी टपलेला चुलता राघोबा, दुसरीकडे करारी आई गोपिकाबाई, बाहेर निजाम आणि हैदरअली. या साऱ्या ओढाताणीत रमाबाई हाच एक विसावा. आपल्या मराठवाड्याला तर हा इतिहास अगदी जवळचा आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवरावांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला तो गोदावरीकाठच्या राक्षसभुवनला, आजच्या बीड जिल्ह्यात. शेवटी राजयक्ष्म्याने, म्हणजे आजच्या भाषेत टीबीने, माधवराव खंगत गेले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला त्यांनी देह ठेवला. वय अवघे सत्तावीस. (हाच आजार आज सरकारी दवाखान्यातल्या मोफत गोळ्यांनी साधारण सहा महिन्यांत बरा होतो. कोणाच्या घरी खोकला लांबला असेल तर लाजू नका, तपासून घ्या.)

कामाच्या ओझ्याखाली दबलेला नवरा, त्याला जपणारी बायको, सासूचा धाक आणि घराला लागलेला आजार. पेशवाई बाजूला ठेवली तर हे आपल्या रेल्वे क्वार्टरमध्येही घडते. म्हणूनच ही कथा वाड्याबाहेरच्या लोकांनाही आपली वाटली. त्यात लेखकाचे कसब आहे, कलावंतांचे आहे. ते नाकारण्यात शहाणपण नाही.

वाड्याच्या बाहेर काय होते?

मात्र पडद्यावर वाडा दिसतो तेव्हा वाड्याबाहेरचा रस्ता दिसत नाही. त्या रस्त्यावरून अस्पृश्य माणसाने कसे चालायचे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात सांगून ठेवले आहे. पेशव्यांच्या पुण्यात त्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडके, पावलांचा ठसा पुसला जावा म्हणून झाडू. थेऊर आणि भीमा कोरेगाव ही दोन्ही गावे पुण्याच्या आसपासच, साधारण पंचवीस-तीस किलोमीटरच्या टप्प्यात. थेऊरच्या चितेनंतर पंचेचाळीस वर्षांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगावची लढाई झाली. एकाच भूमीच्या या दोन आठवणी आहेत. एक पडद्यावर येते, दुसरी आपण दरवर्षी विजयस्तंभापाशी जाऊन जागवतो.

परंतु आज मला त्या रस्त्याविषयी फार लिहायचे नाही. त्यावर आपल्या साप्ताहिकांतून भरपूर लिहिले गेले आहे. आज बोलायचे आहे ते वाड्याच्या आतल्या बाईविषयी. कारण पेशवाईने बाहेर माणूस बांधला होता, तशीच आत बाई बांधली होती. दोन्ही गाठी एकाच दोरीच्या होत्या.

प्रेमाचे शिखर की बाईचा शेवट?

‘स्वामी’चा शेवट सर्वांना माहीत आहे. माधवरावांच्या चितेवर रमाबाई सती जातात. हे इतिहासात घडले आहे. थेऊरला त्यांचे स्मारकही आहे. त्यामुळे लेखकाने ते लिहिले म्हणून त्याला दोष देता येणार नाही. प्रश्न आहे तो आपण ते कसे वाचतो आणि कसे पाहतो याचा. जळणारी बाई पाहून आपल्या मनात ‘केवढे हे प्रेम!’ असे येते, की ‘अरेरे, एक तरुण जीव गेला’ असे येते? लाखो वाचकांच्या मनात पहिले वाक्य आले, हे आपण प्रामाणिकपणे कबूल करू या. प्रेमकथेच्या ओघात चितासुद्धा सुंदर वाटू लागते. तेथेच सावध झाले पाहिजे.

ही केवळ जुनी गोष्ट नाही. ज्या १९८७ साली ‘स्वामी’ मालिका आली, त्याच साली ४ सप्टेंबरला राजस्थानात सीकर जिल्ह्यातल्या देवराळा गावी रूपकंवर नावाची अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या चितेवर जळून मेली. लग्नाला वर्षही झाले नव्हते. त्यानंतर तेथे चुनरीचा सोहळा झाला आणि त्याला लाखोंची गर्दी लोटली. देशभरच्या स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कोठे केंद्र सरकारने सती प्रतिबंधक कायदा केला. या कायद्यात सती जायला लावणे हा तर गुन्हा आहेच, पण सतीचा गौरव करणे हासुद्धा गुन्हा आहे. त्यासाठी किमान एक वर्ष आणि कमाल सात वर्षे कैदेची तरतूद आहे. कायदा झाला, पण खटल्यांचे काय झाले? १९९६ साली खुनाच्या खटल्यातले आरोपी सुटले. ऑक्टोबर २०२४ मध्ये गौरवाच्या खटल्यातले शेवटचे आठ जणही पुराव्याअभावी सुटले. मुलगी जळाली याला साक्षीला सारे गाव होते आणि शेवटी दोषी कोणीच नाही!

इंग्रजांनी बंगालमध्ये सतीबंदी केली ती ४ डिसेंबर १८२९ रोजी. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तेथे ही बंदी १८४७ साली आली. म्हणजे देवराळा घडले ते बंदीनंतर दीडशे वर्षांनी. कायद्याने चिता विझते, पण मनातला गौरव विझायला आणखी काही लागते.

‘ती स्वतःहून गेली’

या ठिकाणी नेहमी एक उत्तर मिळते. रमाबाईंवर कोणी जबरदस्ती केली नाही, त्या स्वतःच्या इच्छेने गेल्या. पेशव्यांच्या घरात सगळ्याच विधवा थोड्याच सती गेल्या? हे खरे आहे, सगळ्या गेल्या नाहीत. मग कोण गेली आणि कोण राहिली, हे एकदा वहीत मांडून पाहू.

माधवरावांच्या आई गोपिकाबाई नानासाहेबांच्या मृत्यूनंतर सती गेल्या नाहीत. त्यांना मुलगे होते, त्यातला एक पेशवा होणार होता. माधवरावांचा भाऊ नारायणराव याचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला. त्याची बायको गंगाबाई सती गेली नाही. का? तर ती गरोदर होती. तिच्या पोटी दौलतीचा वारस असेल या आशेवर बारभाईंनी तिला पुरंदरच्या किल्ल्यावर जपून ठेवले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवरावाचा जन्म झाला. आणि रमाबाई? त्यांना मूल नव्हते. गादी दिराकडे जाणार होती. मागे राहिल्या असत्या तर त्या काळच्या ब्राह्मण विधवेच्या वाट्याला येणारे केशवपन, लाल आलवण, एक वेळचे जेवण आणि वाड्यातला एक कोपरा.

आता सांगा, याला इच्छा म्हणायचे काय? ज्या बाईपुढे दोनच दारे ठेवली, एकीकडे आग आणि दुसरीकडे जन्मभराची अवहेलना, तिने त्यातले एक दार निवडले तर ती निवड तिची की दारे ठेवणाऱ्यांची? पोटात वारस असेल तर बाईच्या जिवाला किंमत, नसेल तर तिच्या मरणाला मान. मला रमाबाईंच्या प्रेमाविषयी शंका घ्यायची नाही. ते खरेच असेल. परंतु ते प्रेम जगायला जागाच ठेवली नव्हती, हे मालिका पाहताना आपल्या लक्षात येत नाही.

बाबासाहेबांनी केलेली उकल

या कोड्याची उकल एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने फार पूर्वी करून ठेवली आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. त्यात त्यांनी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींचा संबंध थेट जातीशी जोडला.

त्यांचा मुद्दा साध्या भाषेत असा. जातीतल्या जातीतच लग्न करायचे असेल तर जातीत पुरुष आणि बायका यांची संख्या जुळली पाहिजे. नवरा मेला की त्याची बायको ‘जास्तीची’ होते. तिने जातीबाहेर लग्न केले तर जातीची भिंत पडते आणि जातीत दुसरे लग्न केले तर दुसऱ्या मुलीचा नवरा कमी होतो. मग तिचे करायचे काय? एक तर नवऱ्याबरोबर जाळा, नाही तर जिवंतपणी विद्रूप करून कोपऱ्यात बसवा. आणि बायको मेली तर पुरुष जास्तीचा होतो, त्याचे काय? त्याला कोणी जाळत नाही. त्याला न कळत्या वयाची मुलगी देतात. प्रथा आधी आल्या, गरजेपोटी आल्या आणि त्यांचे गोडवे नंतर गायले गेले, हेही बाबासाहेबांनी दाखवून दिले.

म्हणजे वाड्याबाहेरच्या रस्त्यावरचे मडके आणि वाड्यातल्या बाईची चिता, दोन्ही जातीची भिंत राखण्यासाठीच होती. जो समाज आपल्याला गावकुसाबाहेर ठेवत होता, तो आपल्या लेकीबाळींनाही सोडत नव्हता. हे समजले की पेशव्यांच्या रमाबाईविषयी राग नव्हे तर करुणाच वाटते. तथागतांनी शिकवली ती हीच दृष्टी नव्हे काय?

दुसऱ्या काही प्रेमकथा

याच पुण्यात, थेऊरच्या चितेनंतर शंभर वर्षेही झाली नव्हती, तेव्हा १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांनी तेथे गुपचूप बाळंत व्हावे आणि जीव देऊ नये, यासाठी. त्यातल्याच एका विधवेचा, काशीबाईचा, मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. ज्यांना त्या वाड्यांनी पायरीवर उभे केले नसते, त्यांनी त्या वाड्यांच्या लेकी वाचवल्या.

सावित्रीबाईंचे २९ ऑगस्ट १८६८ चे एक पत्र आहे, नायगावहून जोतीरावांना लिहिलेले. गणेश नावाचा पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जमले, मुलीला दिवस गेले. गावाने दोघांना मारीत-मारीत जीव घेण्यासाठी बाहेर काढले. सावित्रीबाई धावून गेल्या, इंग्रजांच्या कायद्याचा धाक घातला आणि दोघांना सोडवून जोतीरावांकडे पाठवले. ही प्रेमकथा नव्हे काय? हिच्यात धोका आहे, धाडस आहे, शेवटी दोन जीव वाचले आहेत.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावर वाद उठला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या. टिटवे हातात घेऊन त्या चालल्या आणि त्यांनीच अग्नी दिला. नवऱ्यानंतर सहा वर्षांहून अधिक काळ त्या जगल्या, सत्यशोधक समाजाचे काम चालवले आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. नवऱ्यावर प्रेम होते म्हणून त्याचे काम खांद्यावर घेतले.

आणि आपली रमाई! बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये तो निबंध वाचत होते, तेव्हा रमाई मुंबईत हालअपेष्टा सोसत संसार ओढत होती. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न अशी पोटची लेकरे तिने मातीआड केली. २७ मे १९३५ रोजी ती गेली. बाबासाहेबांनी पुढे पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ तिच्या स्मृतीला अर्पण केला. दोघींचे नाव एकच, रमा. एकीला प्रेमासाठी मरावे लागले, दुसरीने प्रेमासाठी जगण्याचे कष्ट उपसले. मरण एका घटकेचे असते आणि ते पडद्यावर उठून दिसते. रोजच्या भाकरीचे कष्ट उठून दिसत नाहीत, एवढाच फरक.

आपण काय पाहतो?

येथे थोडे आपल्याकडेही पाहिले पाहिजे. २०१४ साली मृणाल कुलकर्णी यांनीच ‘रमा माधव’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. म्हणजे ही कथा पुन्हा नव्या पिढीपुढे आली. त्याला हरकत नाही. परंतु ६ जानेवारी २०२० पासून सोनी मराठीवर जोतीराव-सावित्रीबाईंच्या जीवनावरची ‘सावित्रीजोती’ ही मालिका सुरू झाली आणि पुरेसे प्रेक्षक मिळत नाहीत म्हणून त्याच वर्षअखेरीस ती बंद करण्यात आली. स्टार प्रवाहवर २०१९-२० मध्ये बाबासाहेबांवरची मालिका चालली, ती आपल्या वस्त्यांत घरोघर पाहिली गेली. मग सावित्रीमाईच्या वेळी आपला टीव्ही कोठे लावलेला होता? वाहिनीवाले शेवटी जमाखर्चच पाहतात. रिमोट आपल्या हातात आहे आणि रिमोट हेही एक प्रकारचे मत आहे.

वर्षावासात पूर्णेच्या विहारात ग्रंथवाचनानंतर बसलेल्या बायकांमध्ये हा विषय निघाला होता. एक तरुण मुलगी म्हणाली, ‘पण शेवट बघून रडू येतं.’ त्यावर रेल्वेच्या गँगमनची एक वयस्क विधवा म्हणाली, ‘मालक गेले तवा दोन लेकरं पदराला व्हती. म्या जळाले असते तर मह्या लेकरायला साळंत कोण घातलं असतं?’ मोठ्या समीक्षकाला जे सुचले नाही ते त्या माउलीने एका वाक्यात सांगितले.

चिता नाही, पण बांगड्या?

सती आज आपल्याकडे नाही. परंतु नवऱ्याच्या प्रेतापुढे बायकोच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, जोडवी काढून घेणे, मुलीच्या हळदीला आईनेच मागे राहणे, हे आपल्या वस्तीतून पुरते गेले काय? १९५६ साली दीक्षा घेतलेल्या समाजात हे चालत असेल तर ते चितेचेच उरलेले निखारे आहेत.

ज्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडचे रणजित देसाई, त्याच जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. एक गाव हे करू शकते तर आपल्या वस्तीतले विहार आणि महिला मंडळ का करू शकत नाही? ठरावाला पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. कारकुनी करताना मी पाहिले आहे की, दुःखाच्या पहिल्या महिन्यात बाई रडत असते आणि कागद दुसरेच कोणी हलवत असते. म्हणून माता-भगिनींनी एवढे लक्षात ठेवावे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. नवऱ्याने मृत्युपत्र केले नसेल तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत विधवेला मुलगा, मुलगी आणि सासू यांच्या बरोबरीचा हिस्सा आहे. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नये. मृत्यूचा दाखला, वारस नोंद, कुटुंब निवृत्तिवेतन, पतपेढी आणि विम्याचे कागद स्वतःच्या नावाच्या पिशवीत ठेवावेत. आधार नसलेल्या बहिणींनी संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसीलमध्ये करावी. याच हक्कांसाठी हिंदू कोड बिल घेऊन बाबासाहेब लढले आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. ते हक्क पेटीत कुलूपबंद ठेवायचे नसतात.

‘स्वामी’ जरूर वाचा, पाहायला मिळाली तर पाहा. चांगले लिहिलेले वाचल्याने कोणी बिघडत नाही. मात्र शेवटाला आपल्या मुलीला शेजारी बसवा आणि तिला सांगा, बाळ, ही रमा गेली कारण तिला जगायला कोणी जागा दिली नाही. तुला ती जागा आहे, ती बाबासाहेबांनी मिळवून दिली आहे, आणि ती सोडून तू कोठेही जायचे नाहीस. जय भीम.